प्लॉट बघताना आधी मान वर करा

मोहर्लीच्या गेटमधून ताडोबाची सफारी करून परतणाऱ्या नागपूर-पुण्याच्या पाहुण्यांपैकी काहींच्या डोक्यात वाघाइतकीच आणखी एक गोष्ट बसते: इथे आपलंही छोटंसं घर असावं. निवृत्तीनंतर राहायला, नाहीतर होमस्टे चालवायला. मग ओळखीतून कुणीतरी प्लॉट दाखवणारा भेटतो. तो सागाची झाडं दाखवतो, इरई धरणाचं पाणी दाखवतो, गेटपासूनचं अंतर सांगतो. डोक्यावरून गेलेल्या तारांचा विषय मात्र खरेदीदारालाच काढावा लागतो. काढला की ठरलेलं उत्तर येतं, ‘तार तं वरून चालली नं भाऊ, तुमचं काय घेते?’

ती काय घेते हे विसार देण्याआधी मोजता येतं. नंतर मोजलं तर फक्त पश्चात्ताप होतो.

या भागात तारा इतक्या का, याचं उत्तर त्या पाण्यातच आहे. ‘लेक व्ह्यू’ म्हणून दाखवलं जाणारं इरईचं पाणी अडवलं गेलं ते दुर्गापूरच्या चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रासाठी. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. त्यात २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० चे पाच संच आहेत. इथली वीज ४०० केव्हीच्या वाहिन्यांनी राज्यभर जाते. शिवाय चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची ५०० केव्हीची डीसी वाहिनी आहे. तिची क्षमता दीड हजार मेगावॅट. भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण ग्रिड जोडणारं पॉवरग्रिडचं स्थानक आहे आणि वरोऱ्याकडे ७६५ केव्हीचं उपकेंद्र. एवढं सगळं उशाला असूनही पहिल्या वादळी पावसात मोहर्लीची लाईट जातेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावाला वीज येते ती जंगलातून आलेल्या ११ केव्हीच्या फीडरवरून. त्यावर बांबू झुकतो, वानरं उड्या मारतात, फांद्या पडतात, आणि फॉल्ट शोधायला लाईनमनला रात्री वाघाच्या जंगलात शिरावं लागतं. डोक्यावरच्या ४०० केव्हीच्या तारेतून घराला वीज मिळत नाही. तिच्यामुळे फक्त जागा अडते.

तरीही सातबाऱ्यावर या तारेचा पत्ता नसतो. इथेच बहुतेक खरेदीदार फसतात. वीज वाहिनीसाठी जमीन सहसा संपादित होत नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ नुसार वाहिनी टाकणाऱ्या संस्थेला जुन्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार मिळतात. ती मनोरा उभा करते, तारा ओढते, नुकसानभरपाई देते आणि जमीन मूळ मालकाच्याच नावावर राहते. मालकी बदलत नाही, म्हणून फेरफार होत नाही, म्हणून ‘इतर हक्क’ या रकान्यातही बहुधा काही दिसत नाही. वकिलाने तीस वर्षांचा शोध घेतला, कागद स्वच्छ निघाला आणि प्लॉटच्या मधोमध मात्र मनोरा उभा आहे, असं होऊ शकतं. भरपाईची गोष्टही अशीच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीसाठी तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांच्या पट्ट्याखालच्या जमिनीसाठी ३० टक्के भरपाई सुचवली आहे. पण ती वाहिनी उभी राहताना जो मालक असतो त्याला मिळते. नंतर घेणाऱ्याच्या वाट्याला फक्त तार येते. विकणाऱ्याने भरपाई घेतली असेल, तर ती वजा करूनच भाव ठरवायला हवा. हे वाक्य सौद्याच्या बैठकीत बोललेलं बरं.

तार ओळखायला इंजिनियर लागत नाही. सिमेंटच्या खांबावर तीन तारा आणि खाली कपासारखे चिनी मातीचे इन्सुलेटर असतील, तर ती ११ केव्हीची असण्याची शक्यता मोठी. त्याच खांबावर किंवा त्याहून बुटक्या खांबावर एकाखाली एक अशा तारा किंवा काळी पिळलेली केबल दिसली, तर ती घरगुती पुरवठ्याची एलटी लाईन. लोखंडी जाळीचा मनोरा दिसला की इन्सुलेटरच्या माळेतल्या तबकड्या मोजाव्यात. १३२ केव्हीला एका माळेत नऊ-दहा तबकड्या असतात, २२० ला चौदा-पंधरा, ४०० ला तेवीसच्या आसपास. ४०० केव्हीला सहसा प्रत्येक फेजला दोन तारा जोडीने जातात. मनोऱ्यावर दोन्ही बाजूंना फक्त एकेक जुडगा असेल, तिसरा नसेल, तर ती पडघ्यासारखी डीसी वाहिनी समजावी. शिवाय मनोऱ्याच्या पायाशी कवटी काढलेली धोक्याची पाटी असते आणि तिच्यावर व्होल्टेज लिहिलेलं असतं. मनोऱ्याचा क्रमांकही तिथेच असतो. तो वहीत उतरवून घ्यावा, पुढे अर्जात लागतो.

आता अंतरं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत ती स्पष्ट दिली आहेत. घराच्या कुठल्याही भागापासून एलटी तार आडव्या मापाने १.२ मीटर आणि छतावरून जात असेल तर उभ्या मापाने २.५ मीटर दूर हवी. ११ केव्हीसाठी आडवं १.२ आणि उभं ३.७ मीटर. ३३ केव्हीसाठी आडवं २ मीटर, उभं तेवढंच ३.७. त्यापुढे दर ३३ केव्हीला किंवा त्याच्या काही भागाला दोन्ही मापांत तीस-तीस सेंटिमीटर वाढतात. म्हणजे १३२ केव्हीला आडवं २.९ आणि उभं ४.६, २२० ला ३.८ आणि ५.५, ४०० ला ५.६ आणि ७.३ मीटर. हे माप तार सर्वांत जास्त झोळ खाते आणि वाऱ्याने सर्वांत जास्त झुलते तेव्हाचं. चंद्रपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, भार वाढल्यावर तार तापून जेवढी खाली येते तेवढी ती जानेवारीच्या सकाळी दिसत नाही. प्लॉट हिवाळ्यात पाहिला असेल तर डोळ्यांवर विसंबू नये.

या आकड्यांवरून एक साधा हिशेब निघतो आणि तो प्लॉट विकणारे कधी सांगत नाहीत. ११ केव्हीचा नेहमीचा सिमेंटचा खांब साधारण नऊ मीटरचा असतो आणि त्यातला सुमारे दीड मीटर जमिनीत जातो. उरले साडेसात मीटर. दोन खांबांच्या मध्ये तार आणखी खाली येते. आता एकमजली घराची स्लॅब जमिनीपासून सव्वातीन मीटरवर धरली आणि त्यात ३.७ मीटर मिळवले तरी सात मीटरच्या आसपास जातं, कठडा वेगळाच. थोडक्यात, गावातल्या नेहमीच्या ११ केव्हीच्या लाईनखाली एकमजली स्लॅबचं घरही नियमात बसत नाही. ‘खाली बांधा, वर नका चढवू’ हा सल्ला चुकीचा आहे.

मोठ्या वाहिन्यांच्या बाबतीत तर नुसतं घर आणि तार यांतलं अंतर पुरत नाही, कारण त्यांच्याखालचा पूर्ण पट्टा मोकळा ठेवावा लागतो. १३२ केव्हीसाठी २७ मीटर, २२० साठी ३५, ४०० साठी ४६ आणि ५०० केव्हीच्या डीसी वाहिनीसाठी ५२ मीटर रुंदी धरली जाते, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. चाळीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट म्हणजे साधारण बारा बाय पंधरा मीटर. ४०० केव्हीच्या पट्ट्यात असे तीन प्लॉट शेजारी-शेजारी सहज गडप होतात.

अपघात मात्र बहुधा घर बांधून झाल्यावर होत नाहीत, बांधताना होतात. मिस्त्रीच्या खांद्यावरची लांब सळई वळताना तारेला लागते. बोअर मारायला आलेल्या गाडीचा मास्ट उभा करताना वर कुणी बघत नाही. टँकरवर चढलेला पोऱ्या, ओल्या बांबूची परांची, स्लॅबला पाणी मारणारा पाइप, सगळ्यांचं एकच. ११ केव्हीच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं तरी ठिणगी ओलांडते. म्हणून प्लॉटवर उभं राहून घराचा नकाशा मनात आखणाऱ्याने बोअरची जागा, सळया उतरवण्याची जागा आणि गाडी वळण्याची जागाही आखावी. आणि तारेची उंची स्वतः मोजायला जाऊ नये. बांबूला टेप बांधून मोजणारे महाभाग आहेत. हे काम लाईनमनचं, नाहीतर लेझर मापकाचं.

पुढच्या प्रश्नावर घरातली बाई, सासरे आणि गावातला डॉक्टर तिघांचं तीन प्रकारे म्हणणं असतं: तारांच्या ‘रेडिएशन’ने कॅन्सर होतो का? इथे घाबरवणारे आणि उडवून लावणारे दोघेही अर्धवट बोलतात.

तारेभोवती दोन क्षेत्रं असतात. विद्युत क्षेत्र व्होल्टेजवर ठरतं, आणि भिंत, झाड, छत त्याला बऱ्यापैकी अडवतात. चुंबकीय क्षेत्र प्रवाहावर ठरतं आणि भिंतीतून आरपार जातं, पण अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं. म्हणजे कमी भाराच्या मोठ्या वाहिनीपेक्षा खिडकीला घासून गेलेली, उन्हाळ्यात ओव्हरलोड झालेली गावची लाईन या बाबतीत वरचढ ठरू शकते. सामान्य माणसासाठी बिगर-आयनीकारक किरणांपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची, म्हणजे आयसीएनआयआरपीची, २०१० ची मर्यादा ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला आहे. मोठ्या वाहिनीच्या अगदी खाली उभं राहिलं तरी आकडा बहुधा एक अंकी किंवा दहाच्या आसपास भरतो.

मग भीती कुठून आली? अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातून. १९७९ मध्ये वर्थहायमर आणि लीपर यांनी तिथल्या लहान मुलांमधला कर्करोग आणि घराजवळच्या तारा यांचा संबंध दाखवला. पुढे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर असं दिसलं की ज्या घरात चुंबकीय क्षेत्राची सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त असते, तिथल्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसतं. अशी घरं फार थोडी, आणि तो आजारही मुळात दुर्मीळ. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या चुंबकीय क्षेत्राला ‘२बी’ गटात, म्हणजे ‘कदाचित कारणीभूत’ या गटात टाकलं. २००५ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात वाहिनीपासून २०० मीटरच्या आत जन्मलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ६९ टक्के जास्त निघालं. पण त्याच संशोधकांच्या गटाने २०१४ मध्ये आकडेवारी पुढे वाढवली, तेव्हा ही वाढ जुन्या दशकांपुरतीच दिसली, अलीकडे ती नाहीशी झाली होती. तारा तर तशाच होत्या. चुंबकीय क्षेत्र खरं कारण असतं तर असं व्हायला नको होतं.

एवढ्यावरून एवढंच ठरवावं की लहान मुलांची झोपायची खोली तारेच्या किंवा डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, बाजूला ठेवू नये. काही खर्च येत नाही. ज्याला चैन पडत नाही त्याने तीन अक्षांचा ईएमएफ मीटर आणावा आणि संध्याकाळी, सगळ्या घरांत दिवे-पंखे-मोटारी चालू असताना मोजावं. मोबाइलवरच्या ॲपवर विसंबू नये. ते मुख्यतः पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व दाखवतं, म्हणजे चाळीसेक मायक्रोटेस्ला, आणि घाबरलेला माणूस चांगला प्लॉट सोडून देतो.

डीपीबद्दल मात्र थोडं चांगलंही बोलायला हवं. रोहित्र हा शब्द महावितरणच्या पत्रात असतो, गावात ती डीपीच. तिच्यापासून फार दूर, लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात दिवे मिणमिणतात आणि मोटार उचलत नाही. तेव्हा डीपीपासून दोन-तीन खांबांवरचं घर उत्तम. भिंतीला भिंत लावून नको, कारण तेल गळतं, फ्यूज उडताना ठिणग्या पडतात, गुणगुण रात्रभर चालते आणि झाकण नसलेल्या पेटीपर्यंत पोरांचे हात पोचतात. चंद्रपूर शहरात फ्लॅट घेणाऱ्याने इमारतीतली ट्रान्सफॉर्मर किंवा मीटरची खोली नेमकी कुठल्या फ्लॅटखाली येते, हे बघावं. तो एक फ्लॅट सोडावा, बाकीच्यांना फरक पडत नाही.

मोठ्या वाहिनीच्या शेजारी राहणाऱ्यांना एक त्रास हमखास जाणवतो. पावसाळ्यात तारा तडतडतात, आणि तिच्याखालून समांतर गेलेल्या काटेरी तारेच्या कुंपणाला किंवा पत्र्याच्या छताला हात लावला की मुंग्या येतात. तो प्रवाह गळतीचा नसतो, लांबूनच चार्ज झालेल्या धातूचा असतो. कुंपण आणि पत्रा ठिकठिकाणी नीट अर्थ केला की थांबतो. अर्थिंगची कांडी खड्ड्यात टाकून मोकळं होणाऱ्या वायरमनला अशा जागी काम देऊ नये.

मोहर्लीत आणखी एक तार बघावी लागते, आणि ती सर्वांत धोक्याची: शेजारच्या शेताची. रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात म्हणून काही जण कुंपणात थेट करंट सोडतात, शिकारी तर ११ केव्हीवर आकडा टाकतात. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा तारांनी वाघही मेले आहेत आणि माणसंही. हा गुन्हा आहे, माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा. ठरावीक अंतराने छोटा झटका देणारं सौर कुंपण, ज्याला सगळे झटका मशीन म्हणतात, ते वेगळं आणि चालण्यासारखं. प्लॉटला लागून शेत असेल तर त्या शेतकऱ्याशी चहा घेत हा विषय काढावा. अंधारात बांधावरून चालणारा शहरी पाहुणा ही तार ओळखत नाही.

वीज केंद्राशेजारच्या घराला तारांपेक्षा त्याच्या परिसराची झळ जास्त बसते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ होता, अतिप्रदूषितांच्या यादीत अगदी वरचा. राख, कोळशाची धूळ आणि ट्रकची वाहतूक यांचा विचार दुर्गापूर-पद्मापूर रस्त्यावर घर घेणाऱ्याने चुंबकीय क्षेत्राआधी करावा. तिथे वाघाचाही विचार करावा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या परिसरातच वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि लगेच दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. मोठ्या, झाडोऱ्याने भरलेल्या बंदिस्त जमिनी जंगलाला लागून असल्या की जनावरं त्यांचा रस्ता करतात. मोहर्ली त्या मानाने धुरापासून लांब आहे, वाघापासून नाही.

कागदाचं काम दोन ठिकाणी करावं लागतं. ११ केव्ही आणि एलटीसाठी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात, मनोऱ्यांसाठी महापारेषणकडे किंवा पाटीवर पॉवरग्रिड लिहिलं असेल तर त्यांच्याकडे. गट नंबर, मोजणीचा नकाशा आणि मनोऱ्याचा क्रमांक जोडून लेखी विचारावं: या गटावरून कुठली वाहिनी जाते, पट्टा किती, नवी वाहिनी प्रस्तावित आहे का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. लाईन सरकवून देतो असं विकणारा म्हणाला तर तो खर्च आणि मुदत खरेदीखताआधीच्या करारात लिहून घ्यावी. ११ केव्हीची लाईन महावितरणच्या देखरेखीखाली स्वखर्चाने हलवता येते, ४०० केव्हीची एका प्लॉटसाठी कुणी हलवत नाही. तारेजवळ बांधायचंच असेल तर वाहिनीच्या मालकाला आणि विद्युत निरीक्षकाला आधी लेखी कळवणं नियमाने बंधनकारक आहे. ‘ग्रामपंचायतीनं परवानगी दिली’ एवढ्याने ते भागत नाही.

जाता जाता जमिनीचंही. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ दिसलं तर तिथेच थांबावं. आदिवासीच्या नावची जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. आणि ताडोबाभोवतीच्या क्षेत्राला २०१९ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत, तेव्हा होमस्टेच्या नावाखाली रिसॉर्ट काढायचा बेत असेल तर वनविभागाचं म्हणणं आधी घ्यावं. इतके अडथळे पार करून जमीन हाती आली आणि मग तारेत अडकली, तर दैवाला दोष देऊ नये.

हे सगळं पाहिल्यावर निवाडा अवघड नाही. मोठ्या वाहिनीच्या पट्ट्यातला प्लॉट अर्ध्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये. पट्ट्याच्या बाहेर, शे-दीडशे मीटरवर असेल तर तारेमुळे नाकारू नये, फक्त पुढे विकताना गिऱ्हाईक घासाघीस करणार हे धरून भाव द्यावा. ११ केव्ही प्लॉटच्या कडेने जात असेल आणि घर मोकळेपणाने मागे सरकत असेल तर घ्यावा. मधून जात असेल तर लाईन हलल्यावरच पैसे द्यावेत. डीपी दोन खांबांवर असेल तर उलट आनंद मानावा. आणि घर झाल्यावर जोरदार वाऱ्यानंतर अंगणात तार पडलेली दिसली, तर ती मेलेली आहे असं समजून काठीने बाजूला करायला जाऊ नये. किमान दहा मीटर लांब राहावं, पोरांना आणि जनावरांना लांब ठेवावं आणि १९१२ या क्रमांकावर फोन करावा.